दुसरा भोंगा

फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. दारातली बकरी मित्रानं गल्लीच्या टोकाला नेऊन बांधली आणि तिच्यापुढे बाभळीचा डहाळा टाकला. मग मी हात वर केला, आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तिघं हलायचे थांबलो.

चित्रीकरण संपलं की त्या जागेची शांतता टिपून घ्यावी लागते. आमच्या कामात तिला रूम टोन म्हणतात. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही, असं एक मिनिट. पुढे संकलनाला बसल्यावर एखादं वाक्य मधेच कापलं जातं, तिथे भोक पडतं, आणि ते भोक तसंच मुकं ठेवलं तर अंधारात पायरी चुकावी तसा कान दचकतो. म्हणून त्याच खोलीची, त्याच दुपारची शांतता तिथे ठिगळासारखी लावायची. दुसऱ्या खोलीची चालत नाही. कापडाच्या पोतासारखा शांततेलाही पोत असतो, आणि वेगळ्या पोताचं ठिगळ लगेच ओळखू येतं. गेल्या सहा वर्षांत मी सौंसरच्या, पांढुर्ण्याच्या, लोधीखेड्याच्या कितीतरी खोल्यांच्या शांतता गोळा केल्या आहेत. टिनपत्र्याखालची शांतता उन्हात तडकते. मातीच्या भिंतींची ओलसर असते. जिथे नुकतंच कुणी गेलं आहे त्या घरातली, का कोण जाणे, जरा जास्त लांब वाजते.

या खोलीतली कशी होती? दूर नागपूरकडे निघालेला संत्र्यांचा ट्रक गिअर बदलत होता. टिनावर कावळ्याची नखं खरखरत होती. बाजूच्या घरात कुणीतरी तांदूळ निवडत असावं. सुपाचा तो पावसासारखा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. आणि खाटेवर बसलेल्या बाबाजींचा श्वास. पूर्वी या शांततेत छोट्या रेल्वेची शिट्टीही असायची. अडीच फुटी रुळांवरून इतवारीहून छिंदवाड्याला डुलत जाणारी ती गाडी २०१५ साली बंद झाली, रूळ मोठे झाले, आणि गावाच्या शांततेतून एक धागा कुणी अलगद ओढून काढावा तसा तो आवाज गेला. तो माझ्याकडे नाही. तेव्हा मी असल्या गोष्टी साठवत नव्हतो.

आम्ही एक माहितीपट करतो आहोत. सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यातल्या जुन्या कव्वाली पार्ट्यांवर: भीमगीतं, बुद्धगीतं, पेटी-ढोलक-बेंजो, टाळ्या देणारे चार कोरसवाले, आणि दोन पार्ट्या समोरासमोर बसून पहाटेपर्यंत चालणारा दुय्यम कव्वालीचा सामना. ऐकणारा हमखास विचारतो, मग गोटमारवर का नाही करत? पांढुर्ण्याचं नाव काढलं की कॅमेरेवाल्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत उडणारे दगडच दिसतात. वर्षातला एक दिवस. उरलेल्या दिवसांत इथे माणसं काय ऐकतात, काय गातात, हे कुणाला विचारावंसं वाटत नाही. असो.

स्वतंत्र माहितीपट म्हणजे काय, हेही सांगायला हवं. कॅमेरा मित्राचा आहे आणि तो लग्नांची शूटिंग करतो. लगीनसराई सुरू झाली की आमचा सिनेमा बंद, देवउठणी एकादशीच्या आधी आणि शेवटचा मुहूर्त सरल्यावर पुन्हा सुरू. पैशांसाठी दोन ठिकाणी अर्ज केले होते. एका ठिकाणी म्हणाले, तुम्ही मध्य प्रदेशातले. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, सिनेमा मराठीत आहे. दोघांचंही बरोबर होतं. आमच्या शाळेची पाटी हिंदी आणि तिच्याखाली मार खाताना केलेला आरडाओरडा मराठी, अशा गावातली माणसं आम्ही. आम्हाला त्यात नवीन काही नव्हतं.

आणि हे खूळ डोक्यात शिरलं ते भलत्याच दारानं. मी नागपूरला होस्टेलात होतो. खोलीतल्या मुलाकडे एमपीथ्री सीड्यांची चळत होती, आणि एका पावसाळी रात्री, मेसच्या वांग्यावर दोघांचाही जीव नसताना, त्यानं त्यातली एक लावली. सेक्स पिस्टल्स, मग क्लॅश. इंग्रजी शब्दांतला मला एकही धड कळला नाही. पण आवाज कळला. यंत्राच्या कुवतीपेक्षा जास्त माणूस त्यात कोंबला की यंत्र जसं कडेकडेनं फाटतं, तसा फाटलेला आवाज. सूर बरोबर लागतो आहे की नाही याची पर्वा नसलेला, पण ऐकणाऱ्यानं तोंड फिरवू नये याची मात्र विलक्षण पर्वा असलेला. मी गादीवर उठून बसलो. मुलगा म्हणाला, आवडलं का? मला आवडलं नव्हतं. मला तो आवाज ओळखीचा वाटला होता.

एप्रिलचा होता तो. आमच्या घराच्या गच्चीवरचा.

चौदा एप्रिलच्या आगेमागे सौंसरला घरात झोपवत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, तापलेल्या सिमेंटचा वास उठायचा, मग ओळीनं गाद्या. परीक्षा जवळ आलेल्या असायच्या. आकाश इतकं खाली आलेलं असायचं की हात वर केला तर बोटांना चांदणी चिकटेल. आणि रात्री दहाच्या सुमाराला नाल्यापलीकडच्या मोहल्ल्यातून, आधी फुंकर, मग खाकरणं, मग हॅलो हॅलो माइक टेस्टिंग, आणि मग एकदम, जणू कुणी अंधाराचा टिनपत्रा दोन्ही हातांनी फाडला आहे असा, तो भोंग्यातला आवाज यायचा आणि गच्चीवरच्या सगळ्या गाद्यांवरून, आजीच्या पांढऱ्या केसांवरून, माझ्या उघड्या पोटावरून सरपटत पुढे निघून जायचा. वारा फिरला की शब्द तुटायचे. अर्धी ओळ यायची, अर्धी शेतांकडे जायची. गेलेली अर्धी मी मनानं भरायचो; इतकी वर्षं भरली की मूळ ओळी आता ऐकल्यावर त्याच चुकीच्या वाटतात. कधी बाई गायची, कधी बुवा. एक सवाल टाकायचा, दुसरा जवाब द्यायचा, मधे बेंजो तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तसा नाचायचा. पहाटे कधी डोळा लागायचा कळत नसे.

आमच्या घरात त्याबद्दल कुणी काही वाईट बोलत नसे. कुणी ऐकायला जातही नसे.

नाल्यापलीकडे जायला पाच मिनिटं लागतात. मला पस्तीस वर्षं लागली.

होस्टेलात ऐकलेल्या त्या पंक गाण्यांबद्दल पुढे मी बरंच वाचलं, पाहिलं. त्यात मला गाणाऱ्यांपेक्षा त्यांना टिपणारी माणसं जास्त जवळची वाटली. डॉन लेट्स हा जमैकन आईबापांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेला तरुण १९७७ साली तिथल्या रॉक्सी क्लबात तबकड्या लावायचा. पंकच्या तबकड्या तेव्हा जेमतेम निघू लागल्या होत्या, म्हणून दोन बँडांच्या मधल्या वेळेत तो आपल्या घरचं रेगे वाजवायचा. आणि हातात सुपर एट कॅमेरा आला तेव्हा समोर जे चाललं होतं ते टिपत सुटला. त्या कॅमेऱ्यातलं फिल्मचं डबडं तीन मिनिटांच्या आसपास संपतं. पंकचं गाणंही तेवढ्यातच संपतं. मला हे फार गोड वाटतं: फिल्म आणि गाणं दोघांचा दम सारखा. १९७८ साली त्याचा ‘द पंक रॉक मूव्ही’ आला. अमेरिकेत पेनेलोपी स्फीरिसनं १९७९-८० मध्ये लॉस एंजेलिसच्या पंकवाल्यांवर असाच सिनेमा केला. तो १९८१ साली लागला तेव्हा शहराच्या पोलिसप्रमुखानं हा पुन्हा इथे दाखवू नका असं कळवलं. त्या सिनेमाच्या पोस्टरवर स्टेजवर आडवा पडलेला, डोळे मिटलेला गायक डार्बी क्रॅश आहे. सिनेमा लागेपर्यंत तो या जगात नव्हता. बाविसाव्या वर्षी गेला.

लेट्स आणि स्फीरिसला एक सुख होतं. आवाज चालू असताना ते तिथे होते. आम्ही पोचलो तेव्हा मांडव उठलेला, सतरंज्या गुंडाळलेल्या, आणि भोंगेवाल्याचा नातू डीजे लावतो.

फाटक्या शर्टाला सेफ्टी पिना टोचून हिंडणाऱ्या त्या लंडनच्या पोरांचे फोटो पाहताना मला सारखे गाडगेबाबा आठवायचे. यात थट्टा नाही. चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर गाडग्याची खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. दोन दगडांचे टाळ करायचे आणि समोरच्या हजारोंना असे प्रश्न विचारायचे की उत्तर देता देताच माणसाला स्वतःची लाज वाटावी. वेश हेच पहिलं वाक्य. पंकवाल्यांच्या कितीतरी आधी, आणि पुढे त्याचं कापडाचं दुकान कुणी काढलं नाही. त्यांच्या शेवटच्या दिवसांतलं, मुंबईला वांद्र्यात १९५६च्या नोव्हेंबरात झालेलं एक कीर्तन मुद्रित झालं आहे. त्यात म्हातारा गळा घासत जातो, खरखरतो, आणि त्या खरखरीमागे माणसांचा एक समुद्र हसतो, ओरडतो, गप्प होतो. पुढच्याच महिन्यात वीस तारखेला ते अमरावतीजवळ वलगावला गेले. मी ते कीर्तन ऐकतो ते शब्दांसाठी कमी. त्या गप्प होण्यासाठी जास्त.

तर बाबाजी.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. सिनेमात ते स्वतः सांगतात, तेवढं पुरे. बेंजो वाजवायचे. ऐंशी पार केली आहेत. पहिल्या दिवशी मी कॅमेरा लावला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “लग्नाचा हाय का हा?” मित्र म्हणाला, हो. “मंग बरोबर. लग्नाच्या कॅमेऱ्यात माणूस गोरा येते.” मग माझ्याकडे वळून, “तू कोनाचा पोट्टा?” मी सांगितलं. गल्ली सांगितली. त्यांनी मान हलवली, पुष्कळ वेळ हलवत राहिले, आणि म्हणाले, “हाव. ते गच्चीचं घर.”

खाटेखालून त्यांनी जी पेटी काढली तिच्यात धोतराच्या फडक्यात बेंजो गुंडाळलेला होता. बेंजो म्हणतात त्याला इथे सगळे. शहरातले जाणकार बुलबुलतरंग म्हणतील. लांबट लाकडी खोकं, वर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्यानं तार छेडायची. त्याचा पूर्वज जपानचा, ताइशोगोतो, १९१२ साली नागोयाच्या मोरिता गोरोनं केलेला. जहाजानं कुठल्या तरी बंदरात उतरला असेल, बाजाच्या पेटीसारखाच. आणि जसा पेटीला कुणी आता परदेशी म्हणत नाही तसा यालाही नाही. बाबाजींच्या बेंजोच्या दोन कळांच्या टोप्या गेल्या होत्या. तिथे शर्टाची बटणं चिकटवलेली, एक पांढरं, एक खाकी. छेडायची नखी म्हणजे टूथब्रशच्या दांडीचा घासून पातळ केलेला तुकडा. आणि खोक्याच्या पोटात, तारांखाली, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधली आवाजाची चकती सोल्डर करून बसवलेली. तिची वायर थेट मशीनमध्ये.

मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. साठ वॅटचं. त्यावर दोन भोंगे. भोंगा हा काही गाण्यासाठी केलेला नाही. तो हाक मारण्यासाठी आहे. त्याच्यातून खर्ज जात नाही, तलमपणा जात नाही, मधला टोकदार आवाज तेवढा पुढे जातो आणि दूर जातो. टेलिफोनच्या चकतीतून निघालेला बेंजो त्या भोंग्यातून बाहेर पडताना जो काही कडकडत असे, तो आवाज मिळवण्यासाठी जगभरचे गिटारवाले पायाखाली पेट्या ठेवतात. बाबाजींना तो फुकट मिळाला होता. आणि नको होता. “लय फाटायचं राजा,” ते म्हणाले, अजूनही हळहळत. “रेडिओवानी गोड नाही यायचं. युनिट दोनदा उडालं.” मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की तो फाटलेपणाच माझ्या अंगावर काटा आणायचा. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. आपल्या गरिबीचं कुणी कौतुक करायला लागला की माणूस पाहतो, तसं.

त्यानंतर मी पंकची तुलना त्यांच्यासमोर केली नाही. सिनेमातूनही काढून टाकली.

वह्याही निघाल्या पेटीतून. शंभर पानी, शिवण उसवलेल्या, कोपरे हळदीच्या रंगाचे. एकाची वही दुसऱ्यानं रात्रीतून उतरवून घ्यायची, त्याची तिसऱ्यानं. वामनदादा कर्डकांची गाणी नाशिककडून अशीच हातोहात इथवर आली असणार, उतरवणाऱ्याच्या गावची बोली अंगाला लावून घेत. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. काही वह्यांत ते नाव खोडून दुसरं लिहिलं होतं. बाबाजी म्हणाले, “चोर व्हते काही.” आणि हसले. एका पानावर गाण्याच्या वर तारीख होती, पण गाण्याची नव्हे: १४-१०-५६. खाली फक्त एवढंच: बा गेला व्हता.

सौंसरची माणसं तेव्हा छोट्या रेल्वेनं, बैलगाड्यांनी, पायी नागपूरला गेली होती, पांढरे कपडे घालून, दीक्षाभूमीवर. नागपूर त्यांची राजधानी होती. सौंसर आणि नागपूर एकाच राज्यात होती. ती परतली, घरातले देव उतरवले गेले, आणि अठरा दिवसांनी, एक नोव्हेंबरला, राज्यं नव्यानं पाडली गेली: नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. सहा डिसेंबरला बाबासाहेब गेले. मग गाडगेबाबा. एवढं सगळं सत्तर दिवसांच्या आत. नवा धर्म, नवी सरहद्द, आणि दोन मोठी माणसं वजा. त्या थंडीत गावातल्या माणसांनी काय केलं असेल? बाबाजी तेव्हा पोरसवदा होते. ते म्हणतात, “गाने लिवले. दुसरं काय करतं मानूस?”

मी विचारलं, भोंगे कुठे बांधायचे?

“एक मांडवावर. एक पिंपळावर.”

पिंपळ नाल्याच्या काठावर आहे. अजून आहे. त्यावर भोंगा बांधला तर त्याचं तोंड मांडवाकडे होत नाही. मांडव मागे राहतो. मी म्हटलं, पिंपळावरच्या भोंग्याचं तोंड कुणीकडे असायचं?

“गावाकडे.”

“का?”

त्यांनी बेंजोवरचं खाकी बटण अंगठ्यानं पुसलं. “जो मांडवात बसला त्याले पहिला भोंगा. ज्याले याचं नाही, त्याले घरबसल्या आयकू तं आलं पायजे.”

म्हणजे लहानपणी गच्चीवर येणारा तो आवाज वाऱ्यानं चुकून आलेला नव्हता. आमच्याकडे रोखलेला होता. दरवर्षी कुणीतरी पिंपळावर चढून, तार ओढून, फडक्यानं फांदीला करकचून बांधून, ते पितळी तोंड नेमकं आमच्या गाद्यांच्या दिशेला वळवत होतं. उष्टं म्हणून उचललेलं गाणं माझ्याच पानात वाढलेलं निघालं. त्या दिवशी मी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. मित्रानं कॅमेरा चालूच ठेवला, आणि आता ते चित्रण पाहताना कळतं की बाबाजींच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या चष्म्यात उमटलेली माझी बोटं जास्त वेळ दिसतात, मोकळी, काय करावं न कळणारी.

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक नाव लिहिलेलं आहे: विलास घोगरे. आनंद पटवर्धनांनी १९८५ सालच्या ‘हमारा शहर’मध्ये हा शाहीर मुंबईच्या झोपडपट्टीत गाताना टिपला होता. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं गेली, आणि चार दिवसांनी घोगरेंनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. कपाळाला निळी पट्टी बांधून. पटवर्धनांनी तिथून कॅमेरा उचलला तो चौदा वर्षं खाली ठेवला नाही. २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला, तीन तासांच्याही वर. एका शहराच्या गाण्यातला राग कुठून येतो आणि कुठे जातो हे त्यात जसं ऐकू येतं तसं मी दुसरीकडे ऐकलं नाही. तो पाहून बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं होतं, आपणही करू. हे वाटणं किती उथळ होतं! माझ्या सिनेमात गोळीबार नाही, फास नाही. एक नाला आहे, पाच मिनिटांचा. त्याच्यावर चौदा वर्षं काढायची की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सहा तर गेलीच.

कॅसेट मिळाली ती मागच्या वर्षी. पार्टीचं एकमेव ध्वनिमुद्रण, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचं, मांडवात टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं. बाबाजींच्या मुलीनं लग्नानंतर सासरी नेली होती, तिथून ती लग्नाच्या पाकिटासह, आतल्या अक्षतांसह परत आली. साठ मिनिटांची. एका बाजूवर पेननं लिहिलेलं: सामना. मी ती हातात घेतली तेव्हा खरंच हात कापत होते, आणि कापऱ्या हातांनी जे होतं तेच झालं. डेकचा हेड स्पिरिटनं पुसायला हवा होता, पट्टे तपासायला हवे होते, आधी पेन्सिल घालून रीळ मोकळं करायला हवं होतं. हे सगळं मला ठाऊक आहे. मी यातलं काहीही केलं नाही. ऐकायची घाई झाली होती, पस्तीस वर्षं न गेलेल्या माणसाला होते तशी. अकरा मिनिटं वाजलं. मग आवाज खोल गेला, घोगरा झाला, आणि डेकनं रीळ खाल्लं. झाकण उघडलं तर आत तपकिरी फितीचा गुंता, केस विंचरून कुणी फणी फेकून द्यावी तसा. पुढची बाजू चिकटून एकजीव झालेली. नागपूरला एका जाणकाराकडे दिली. त्यानं आठवडाभर ठेवून घेऊन परत दिली, पैसे घेतले नाहीत.

अकरा मिनिटं उरली.

त्या अकरा मिनिटांत एकही गाणं नाही. सगळी तयारी आहे. हॅलो हॅलो. ढोलकी चढवतानाची हातोडीची टकटक. बेंजोची एकच तार पुन्हा पुन्हा, कुणीतरी दात दुखणाऱ्या जागी जीभ लावावी तशी. ए पोट्टेहो, खाली बसा. अमुक यांच्याकडून पार्टीला अकरा रुपये, पार्टी आभारी आहे. एका बाईचं हसू, अगदी माइकजवळ, आणि लगेच पदरानं दाबलेलं. कप खाली ठेवल्याचा आवाज. मग कुणीतरी लांबून ओरडतं, शब्द विरघळलेले. मग जवळ येऊन पुन्हा ओरडतं: दुसरा वाजून नाही राह्यला! आणि गलका. मग ते घोगरं होत होत बुडणं.

कितीदा ऐकली मी ती अकरा मिनिटं. गाणं नसलेलं गाणं. शेवटी शेवटी मला तीच आवडायला लागली, हे कबूल करतो; गाणं सुरू झालं की ते गाणाऱ्यांचं होतं, सुरू होण्याआधी सगळ्या मांडवाचं असतं. पण बाबाजींना सांगायला तोंड नव्हतं. वर्षभर टाळलं. लग्नं, पाऊस, मित्राचा टायफॉइड, काय वाटेल ते निमित्त.

परवा गेलो. सांगितलं. कॅसेट गेली, माझ्या हातून गेली. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जे हाय ते आयकव.” लॅपटॉपवर साफ करून आणलं होतं. स्पीकर आणला नव्हता, म्हणून हेडफोन दिले. त्यांनी ते टोपीवरून घातले, मी टोपी काढून नीट बसवले. मोठे काळे गोल, त्यांच्या त्या सुरकुतल्या कानांवर. आणि मला वाटलं, आता ही खोली अशीही गप्पच राहणार आहे, तर एवढ्यात रूम टोन घेऊन टाकू. म्हणून फ्रिज, पंखा, बकरी. म्हणून माझा वर केलेला हात.

रेकॉर्डरवरचे आकडे पुढे सरकत होते. दहा. पंधरा. ट्रक गेला. सूप थांबलं, पुन्हा सुरू झालं. बाबाजी डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते; तिथे बुद्धाचं कॅलेंडर होतं, महिना दोन पानं मागचा. त्यांच्या कानात चाळीस वर्षांपूर्वीचा मांडव भरत चालला होता आणि त्यातला एक कणही खोलीत सांडत नव्हता. चोवीस. तीस. त्यांची मान किंचित उचलली गेली.

सदतिसाव्या सेकंदाला ते ओरडले. कानात हेडफोन असलेला माणूस बोलतो तसं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात, माझ्याकडे न बघता, पिंपळाच्या दिशेनं हात लांब करून:

“गावाकडचा बंद हाय बे! वायर पाह्य! पुन्हा कापली असंन त्यायनं!”

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. बाजूच्या घरातलं सूप थांबलं. मी हात खाली घेतला नव्हता; आकडे साठकडे चालले होते आणि मी ते साठपर्यंत जाऊ दिले.